द्वंद्वाचा कायदा आणि वतनाची इभ्रत : इंदापूर-बारामती परिसराच्या संदर्भात

युरोपातील राजांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत द्वंद्वयुद्धाविरुद्ध पुनःपुन्हा कायदे केले. इ. स. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने द्वंद्व करणारांस धर्मबहिष्कृत ठरविले. फ्रान्समध्ये चौथ्या हेन्रीने १६०२ व १६०९ मध्ये, आणि रिशल्यूच्या कारभारात तेराव्या लुईने १६२६ मध्ये फर्माने काढली. पुढच्याच वर्षी बुतविल नावाचा उमराव पॅरिसच्या भर चौकात द्वंद्व खेळला आणि त्याबद्दल त्याचे शिर उडविण्यात आले. इतके होऊनही १६७९ मध्ये चौदाव्या लुईला त्याच विषयावर पुन्हा फर्मान काढावे लागले. एकच कायदा चार वेळा करावा लागतो तेव्हा तो पाळला जात नाही हे उघड आहे. राजा एका हाताने शिक्षा फर्मावी व दुसऱ्या हाताने माफीपत्रे देई. कारण ज्यांस शासन करावयाचे त्यांच्याच तलवारीवर त्याचे राज्य उभे होते.

याच काळात दख्खनेत काय घडत होते, या प्रश्नाकडे जितके लक्ष पुरविले जावयास हवे होते तितके पुरविले गेलेले नाही. भीमा आणि नीरा या नद्यांमधील इंदापूर व सुपे या परगण्यांच्या मुलखाचा, म्हणजे आजच्या इंदापूर व बारामती तालुक्यांच्या परिसराचा, या दृष्टीने विचार करणे उपयुक्त ठरते. हा मुलूख निजामशाहीचा. मालोजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे सुपे व इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत. एका बाजूस निजामशाही दरबाराची लष्करी संस्कृती आणि दुसऱ्या बाजूस गावगाड्याची वतनी व्यवस्था अशा दोन जगांच्या सांध्यावर येथील पाटील-देशमुख उभे होते. या दोन जगांत इभ्रतीचा अर्थ एकच नव्हता.

दरबारी जगाचे वर्णन महंमद कासीम फरिश्ता याने केले आहे. तो अहमदनगरास वाढला आणि १५८९ मध्ये विजापुरास गेला. त्यामुळे दोन्ही दरबार त्याच्या परिचयाचे होते. इ. स. १४९० मध्ये स्वतंत्र झालेला अहमद निजामशहा स्वतः तलवारबाजीत निष्णात असून त्याच्याच आवडीमुळे द्वंद्वाची चाल दख्खनेत पसरली, असे फरिश्ता सांगतो. अहमदनगरात गल्लोगल्ली तलवारीच्या तालमी निघाल्या. आपणच श्रेष्ठ असे म्हणणारे तरुण शहापुढे येत, त्याच्या देखत लढत, आणि दोनतीन प्रेते पडल्यावाचून दिवस जाईनासा झाला. अखेर शहा या प्रकारास विटला. त्याने काय केले हे महत्त्वाचे आहे. त्याने द्वंद्व बंद केले नाही. आपल्यासमोर ते होऊ नये, किल्ल्याजवळच्या काळा चबुतरा या जागेपुढील मैदानात व्हावे, दोन्ही पक्षांच्या साथीदारांनी मध्ये पडू नये, आणि एकजण मारला गेल्यास त्याच्या खुनाचा बदला मागता येऊ नये, असा त्याने नियम घातला. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर द्वंद्वातील मनुष्यवध येथे अपराधच राहिला नाही. इस्लामी धर्मशास्त्राने मृताच्या वारसांस दिलेला बदल्याचा हक्क राजाज्ञेने स्थगित केला गेला, ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हे.

परिणाम काय झाला तेही फरिश्ताच सांगतो. इ. स. १६०१ च्या सुमारास विजापुरात त्याने स्वतः एक प्रसंग पाहिला. सय्यद मुर्तजा व सय्यद हसन हे दोघे पिकल्या दाढीचे, दरबारात मान असलेले भाऊ. तशाच तीन वृद्ध दख्खनी भावांशी त्यांची एका क्षुल्लक कारणावरून बोलाचाली झाली. आधी मुर्तजाचा विशीतला मुलगा लढून पडला, मग बाप आणि चुलता पडले. आणि त्यांची प्रेते हलविण्यापूर्वीच प्रतिपक्षाचे तिघेही जखमांनी मेले. सहा माणसे गेली आणि दोन घरे बसली. सुज्ञ राजांनी ही चाल मोडून काढावी, अशी इच्छा फरिश्त्याने व्यक्त केली आहे. लंडनच्या स्टार चेंबरपुढे १६१४ मध्ये फ्रान्सिस बेकनने द्वंद्वाविरुद्ध प्रसिद्ध भाषण केले, त्याच्या थोडे आधीचे हे लेखन आहे. दोघांस एकमेकांची वार्ता असणे शक्य नव्हते. तरीही दोघांचा रोख एकाच खोट्या प्रतिष्ठेवर आहे.

याच प्रथेचे दक्षिणेकडील रूप विजयनगरात दिसते. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज लेखक नुनीझ लिहितो की, तेथे द्वंद्व खेळणाराचा मोठा सन्मान होई. प्रधानाची परवानगी मात्र आधी घ्यावी लागे. आणि मेलेल्याची मालमत्ता जिवंत राहिलेल्यास मिळे. शेवटचा तपशील विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता गावगाड्याकडे वळावे. इंदापूर-सुपे परगण्यांतील पाटलास किंवा देशमुखास मानापमानाची जाणीव दरबारी सरदाराहून कमी होती असे मुळीच नाही. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, विडा आधी कोणास, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. परंतु हा मान व्यक्तीचा नसून वतनाचा असे, आणि वतन एका माणसाचे नसून भाऊबंदांचे असे. ते घराण्याकडे वंशपरंपरेने चाले, गोतास ठाऊक असे, आणि राजाच्या सनदेने मान्य होई. अशी वस्तू नुनीझच्या विजयनगराप्रमाणे तलवारीने जिंकता येत नाही; प्रतिपक्षाला मारले तरी त्याचे भाऊ, पुतणे आणि गोत शिल्लक राहतातच. उलट खून केल्यास दंड आणि वतनाची जप्ती ओढवे. तेव्हा वतन हे एका अर्थी सरकारजवळ ठेवलेले ओलीसच होते.

म्हणून तंटा गोतसभेपुढे किंवा मजलशीपुढे जाई. निवाडा मान्य करू अशा अर्थाचा राजीनामा आणि जामीन वादी-प्रतिवादींकडून आधीच घेतले जात. दोघांच्या तकरिरी होत, साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. साक्षीपुराव्याने निकाल लागेना तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेल-तुपातून धातूचा तुकडा काढावयाचा, हात पिशवीत घालून मोहोरबंद करावयाचा, आणि ठरल्या दिवशी पंचांसमक्ष तो तपासावयाचा. युरोपातील न्यायालयीन द्वंद्वही मुळात दिव्यच होते, ईश्वर खऱ्याच्या बाजूने कौल देईल या श्रद्धेवर उभे. फरक एवढाच की, येथे मनुष्य प्रतिपक्षाशी न लढता तप्त कढईशी लढे. हरला तर हात भाजे, पण जीव वाचे. दिव्याला रानटी म्हणून हसणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांच्या ध्यानात ही बाब आली नाही. त्यांच्याच कलकत्त्यात १७८० मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आणि कौन्सिलचा सभासद फ्रान्सिस पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले होते.

तंटा संपल्यावर हरलेला पक्ष जिंकलेल्यास यजितखत लिहून देई. आपला दावा खोटा होता, यापुढे कटकट करणार नाही, अशी ती लेखी कबुली. सरकार हरलेल्याकडून गुन्हेगारी आणि जिंकलेल्याकडून हरकी वसूल करी. द्वंद्व खेळणारास जे समाधान रक्तातून हवे असे, ते येथे कागदातून मिळे, आणि तो कागद नातवाच्याही उपयोगी पडे.

यावरून येथे वतनासाठी रक्तपात झालाच नाही असा समज होऊ नये. दबा धरून, रात्री घाला घालून मारलेल्यांची उदाहरणे करिन्यांत व महजरांत आढळतात. पण ते छपून केलेले खून होत. त्यांस कोणी प्रतिष्ठा मानली नाही, आणि त्यांतून हक्कही सिद्ध होत नसे. शिवाय एकच घराणे दरबारात गेले की तेथील रीतीने वागे. खंडागळे यांचा हत्ती बिथरल्याच्या निमित्ताने निजामशाही सरदारांत उडालेल्या चकमकीची हकीकत शिवभारतात आहे. भातवडीच्या लढाईपूर्वीचा (१६२४) हा प्रसंग. विठोजींचे पुत्र संभाजी भोसले यांच्या हातून दत्ताजी जाधव पडले, लखुजी जाधवांनी संभाजीस मारले, आणि खुद्द लखुजींचे जावई शहाजीराजे दंडावर वार लागून मूर्च्छित झाले. जाधव व भोसले ही दोन्ही वतनदार घराणी. परंतु तेथे वतनाचा प्रश्न नव्हता, प्रश्न सर्वांदेखत माघार कोणी घ्यावी हा होता.

अठराव्या शतकात बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांच्या रूपाने निराळेच चित्र दिसते. हे सावकार आणि सरदार. त्यांचे बंधू आबाजी हे पहिल्या बाजीरावाचे मेहुणे. तरी पेशव्यांशी त्यांचे वैर जुने. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने त्यांनी पेशवेपदावर हक्क सांगितला. हे वैर कर्जाच्या तगाद्याने, शाहूछत्रपतींपुढे मोठ्या नजराण्याच्या बोलीने आणि साताऱ्याच्या खलबतांनी लढले गेले. त्याच घराण्याच्या आश्रयास मोरोपंत होते. भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध बारामतीच्या वाड्याने आर्यांतून ऐकले, ते पुराण म्हणून.

इंग्रजी अमलात १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ३०० च्या अपवादांत हा विषय दोन ठिकाणी हाताळला. पूर्वसंकल्पावाचून अकस्मात जुंपलेल्या मारामारीत, अवाजवी फायदा न घेता वा क्रूरपणा न करता, मृत्यू घडला तर चौथा अपवाद. अठरा वर्षांवरील मनुष्याने स्वसंमतीने मरणाचा धोका पत्करला असेल तर पाचवा. ठरवून केलेले द्वंद्व चौथ्यात बसत नाही. पाचव्याचा आधार घेता आला तरी शिक्षा केवळ सौम्य होते, टळत नाही. अहमद निजामशहाने संमतीला संपूर्ण माफीचे मोल दिले होते, संहितेने ते अर्ध्यावर आणले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही हे दोन्ही अपवाद कायम आहेत.

दरम्यान ओलीस मात्र सुटले होते. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. मानपान एका दिवसात नाहीसा होत नाही. पण त्याच्यामागे जप्त करण्याजोगी वस्तू उरली नाही, आणि बांधावरच्या भांडणात काठी उचलणारास आवरणारे गोत राहिले नाही. अशा भांडणात मृत्यू घडला म्हणजे न्यायालयापुढे येतो तो बहुधा चौथाच अपवाद.