शीर्क्याच्या वाटा

गावाचे नाव प्रथम कानी पडले तेव्हा मला हसू आवरेना. "काका, उद्या आपल्याला शीर्क्याला जायचंय," असे पुतण्या म्हणाला, आणि मला वाटले, दोन वर्षे गटिंगेनच्या विद्यापीठात घासून पोराच्या डोक्यावर परिणाम झाला! शिर्के म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर इतिहासाच्या पुस्तकातले शिर्के यायचे, नाहीतर हजेरीपटावरचे. जर्मनीत शिर्के कुठून येणार? पण त्याने नकाशा पुढे केला आणि बोट ठेवले. खरोखरच तिथे शीर्के नावाचे एक चिमुकले गाव होते. आमच्या शिर्क्यांशी त्याचे नाते एवढे ध्वनीपुरतेच. तरी सांगायला हरकत नाही, त्या नावामुळे मला परमुलुखात उगीचच माहेरी आल्यासारखे वाटले.

मागे एका मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हाची ही हकिकत. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. मला सांगायचे आहे ते त्या गावाभोवतालच्या पायवाटांविषयी. राजेरजवाड्यांचा इतिहास आपण मुलांना शिकवतो. पण पायवाटेलाही इतिहास असतो, आणि कधी कधी तो राजांच्या इतिहासापेक्षा जास्त बोलका असतो, हे मला त्या गावी कळले.

जर्मनीच्या मध्यभागी हार्ट्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्यातले सर्वांत उंच शिखर ब्रॉकेन. उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने बुटके. त्याच्या पायथ्याशी, थंड बोडे नावाच्या ओढ्याच्या काठी शीर्के वसले आहे. शेजारच्या दोन गावांची नावे ऐकाल तर चकित व्हाल. एकाचे नाव एलेंड, म्हणजे आजच्या जर्मन भाषेत 'हालअपेष्टा'. दुसऱ्याचे झोर्गे, म्हणजे 'चिंता'! पण भाषेचे जाणकार सांगतात की 'एलेंड'चा जुना अर्थ 'परका मुलूख' असा होता. आपला मुलूख सोडून परमुलुखात राहणे म्हणजेच हाल, असे त्या भाषेला वाटले, आणि शब्दाचा अर्थ हळूहळू पालटला. परमुलुखात आलेल्या माझ्यासारख्याला ते लगेच पटले.

या रानात वाटा पहिल्याने पाडल्या त्या हौशी प्रवाशांनी नव्हेत. हार्ट्सच्या पोटात चांदी, तांबे, शिसे होते. गोस्लार गावाजवळच्या रामेल्सबर्गची खाण दहाव्या शतकापासून गाजलेली. खाणीला टेकू म्हणून लाकूड हवे, धातू गाळायला कोळसा हवा. तेव्हा लाकूडतोडे आले, कोळशाच्या भट्ट्या लावणारे आले, ओझी वाहणारी जनावरे आली. त्यांच्या पायांनी वाटा मळल्या. शेकडो वर्षांच्या तोडीने जुनी पानझडी राने उजाड झाली. मग अठराव्या शतकापासून लवकर वाढणारा, सरळसोट स्प्रूस वृक्ष ओळीने लावण्यात आला. परक्या माणसाला जे अनादी अरण्य वाटते, ते पुष्कळसे माणसाच्या हातचे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा हिशेब पुढे द्यावा लागणार आहे.

शिखरावर मात्र कामावाचून कोणी जात नसे. ब्रॉकेनवर वर्षातले सुमारे तीनशे दिवस धुके असते. एप्रिलच्या अखेरच्या रात्री चेटकिणी झाडूंवर बसून तिथे जमतात, अशी लोकांची समजूत. गटेने आपल्या 'फाउस्ट' नाटकातला चेटकिणींचा प्रवेश याच शीर्के-एलेंडच्या परिसरात घातला आहे. पण त्याआधी तो स्वतः तो डोंगर चढला होता. १७७७ सालचा डिसेंबर, गटेचे वय अठ्ठावीस. वेबर असे खोटे नाव सांगत तो एकटाच खाणी पाहत हिंडत होता. डोंगराच्या पश्चिम बाजूच्या टोर्फहाउसला पोहोचल्यावर तिथल्या वनरक्षकाने सांगितले, या धुक्याबर्फात वर जाणे शक्य नाही. इतक्यात धुके विरळ झाले आणि शिखर लख्ख दिसू लागले. मग तो वनरक्षकच वाटाड्या झाला, आणि १० डिसेंबरला दोघे माथ्यावर पोहोचले. आज त्या वाटेला गटेचेच नाव आहे. १८२४ साली हाइनरिष हाइने हा कायद्याचा विद्यार्थी गटिंगेनहून पायी निघून ब्रॉकेन चढला आणि पलीकडच्या इल्झे नदीच्या खोऱ्यातून उतरला. १८२६ साली त्याचे प्रवासाचे पुस्तक निघाले, आणि मग काय विचारता! विद्यार्थ्यांची रीघ लागली. हाइनेच्या नावाचीही वाट आज तिथे आहे.

कवींनी वाट दाखवली, पण ती सांभाळायला संस्था लागते. १८८६ साली हार्ट्स क्लब निघाला. झाडांवर खुणा करणे, फाट्यावर पाट्या लावणे, पडलेले ओंडके बाजूला सारणे, ही कामे त्याचे सभासद करू लागले. १८९९ पर्यंत वाफेची आगगाडी थेट शिखरावर गेली. ती गाडी आजही धावते. आम्ही शीर्क्याला तिनेच गेलो.

इथे एका मास्तराचा उल्लेख केल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. रिचर्ड शिरमान हा पश्चिम जर्मनीतल्या आल्टेना गावचा शाळामास्तर. वर्गातली मुले घेऊन दिवसेंदिवस पायी फिरायचा. १९०९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका सहलीत वादळी पावसाने त्यांना गाठले, आणि रात्र काढायला मिळाली ती एका खेड्यातली शाळा. मुले गवतावर झोपली. मास्तरांना मात्र झोप येईना. सुट्टीत देशभरच्या शाळा रिकाम्या पडतात, तिथे चालणाऱ्या मुलांना निवारा का मिळू नये? त्या एका रात्रीच्या विचारातून युवक-वसतिगृहांची चळवळ उभी राहिली आणि जगभर पसरली. शीर्क्यातही असे वसतिगृह आहे. सहलीला निघालेल्या मुलांचे डबे, पाणी आणि आयांची काळजी सांभाळताना दमून जाणाऱ्या माझ्यासारख्याने त्या मास्तराला मनोमन नमस्कार केला.

आता पुढचा भाग. १९४५ च्या एप्रिलमध्ये, महायुद्ध संपता संपता, अमेरिकन विमानांनी ब्रॉकेनवर बॉम्ब टाकले. शिखरावरचे हॉटेल उद्ध्वस्त झाले. अमेरिकन सैन्य तिथे राहिले, आणि १९४७ साली त्यांनी डोंगर रशियनांच्या हवाली केला. त्याच साली आपल्याकडेही देशाच्या नकाशावर रेघ ओढली गेली होती. तेव्हा रेघ म्हणजे काय हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. जर्मनीची रेघ या डोंगराच्या पश्चिम अंगाने गेली. शीर्के पूर्वेकडे राहिले.

१९५२ च्या मे महिन्यात पूर्व जर्मन सरकारने सरहद्द बंद केली. सरहद्दीलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा निषिद्ध ठरला. तिथल्या रहिवाशांच्या ओळखपत्रावर निराळा शिक्का, बाहेरच्याला परवाना. ज्या कुटुंबांवर विश्वास नव्हता त्यांना अल्पावधीत सामानासह उठवून दूर नेऊन टाकले. थुरिंगिया प्रांतात या मोहिमेचे सांकेतिक नाव होते 'कीड'. सरकारने आपल्याच माणसांना दिलेले हे नाव!

तरीही परवाना काढून ब्रॉकेनवर जाता येत होते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उठली आणि डोंगराचे दारही लागले. माथ्यावर रशियन आणि पूर्व जर्मन हेरखात्यांची कान देऊन बसलेली यंत्रे आली. पुढे माथ्याभोवती ३.६ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत बांधली गेली. आगगाडी वर जात राहिली, पण तिच्यात माणसे नसत. शिपायांसाठी कोळसा आणि सामान असे.

आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण सत्तरीची. पुतण्याने दुभाष्याचे काम केले. वाट बंद झाली तेव्हा ती पहिलीच्या वयाची होती. रोज सकाळी खिडकीतून तोच डोंगर. मावशीला लग्नाला बोलवायचे तरी परवान्याचा अर्ज. तिचे वडील तरुणपणी डोंगरावर रानमेवा वेचायला जात. वाट बंद झाल्यावर त्यांची चालायची काठी दाराआड उभी होती, ती तशीच राहिली. वडील १९८६ साली वारले.

१९८९ च्या ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. पण ब्रॉकेन बंदच! शेवटी ३ डिसेंबरच्या रविवारी, कडाक्याच्या थंडीत, इल्झेनबुर्गहून आणि शीर्क्याहून माणसे वर चालत निघाली. हातात फलक होते, शस्त्र नव्हते. भिंतीपाशी जाऊन त्यांनी दार उघडण्याची मागणी केली. आत हत्यारबंद शिपाई. काय घडेल याचा भरवसा नव्हता. दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास दार उघडले. अठ्ठावीस वर्षांनी गावची माणसे आपल्या डोंगरावर उभी राहिली.

"त्या दिवशी तुम्ही होता?" मी विचारले. बाईंनी मान हलवली, आणि उठून दाराआडची काठी आणून माझ्या हातात दिली. ती काठी त्या दिवशी त्यांनी वर नेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकरलोखच्या वाटेने चढलो. दगडधोंड्यांची, झाडांच्या मुळ्यांची वाट. आणि पाहतो तो काय, हिरवे रान नाहीच! डोंगरच्या डोंगर करड्या, निष्पर्ण खोडांनी भरलेला. पुतण्याने सांगितले, २०१८ पासूनच्या कोरड्या, उष्ण उन्हाळ्यांत स्प्रूस अशक्त झाले, आणि सालीखालच्या किड्यांनी लाखो झाडे मारली. एकाच जातीची, एकाच वयाची, ओळीने लावलेली झाडे. एक गेले की शेजारचे जाते. २०२२ साली शीर्क्याच्या वरच्या बाजूला मोठा वणवाही लागला होता. खाणीसाठी लावलेल्या रानाचा हा हिशेब. पण खाली वाकून पाहिले तर मेलेल्या खोडांच्या मधून नाना जातींची कोवळी रोपे आपणहून उगवत होती. हे रान १९९० पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि मेलेली झाडे पुष्कळ ठिकाणी मुद्दाम तशीच ठेवली आहेत. ज्या देशात एकेकाळी माणसांना 'कीड' म्हटले गेले, तिथे आता खऱ्या किडीलाही रानातला एक रहिवासी मानून माणूस बाजूला उभा आहे. मला हे पाहून बरे वाटले.

माथ्यावर पोहोचलो तो धुके. भिंत केव्हाच पाडून टाकली आहे. रशियन शिपायांची शेवटची तुकडी १९९४ च्या मार्चमध्ये गेली. जिथे भिंत होती तिथून आता शिखराला प्रदक्षिणा घालणारी पायवाट जाते. इल्झेनबुर्गच्या अंगाला पहाऱ्याच्या गाड्यांसाठी अंथरलेल्या भोके पाडलेल्या काँक्रीटच्या लाद्या आहेत. त्यांच्या भोकांतून गवत आले आहे आणि त्यांवरून कुटुंबे मुलाबाळांसह चालतात. वेर्निगेरोडेचे बेन्नो श्मिट नावाचे गृहस्थ, दार उघडल्यापासून आठ हजारांहून अधिक वेळा ब्रॉकेन चढले. २०२२ साली ते वारले. हार्ट्सभर २२२ ठिकाणी लाकडी पेट्यांत शिक्के ठेवलेले असतात. वहीत सगळे उमटवले की 'भटकंतीचा सम्राट' ही पदवी मिळते. ज्या मुलखात शिक्क्यावाचून घरी जाता येत नव्हते, तिथे आता शिक्का हा मुलांचा खेळ झाला आहे!

इतक्यात ऊन पडले आणि समोरच्या धुक्यावर आमच्या सावल्या उमटल्या, भोवती इंद्रधनुष्याचे कडे. याला तिकडे 'ब्रॉकेनचे भूत' म्हणतात. मी म्हणालो, "अरे, हे तर आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र!" सूर्य पाठीशी, धुके पुढ्यात आणि मध्ये माणूस, एवढे जमले की झाले, त्याला मुलूख लागत नाही.

आणि तिथेच मला आमच्या गावची वाट आठवली. आमच्या शाळेमागून खिंडीतल्या देवळाकडे जाणारी एक वाट होती. माझे आजोबा तिने बाजाराला जात. डांबरी रस्ता झाला, एस. टी. आली, आणि आता त्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या माजल्या आहेत. तिथे कोणी भिंत बांधली नाही, शिपाई ठेवला नाही, परवाना मागितला नाही. ती आम्ही आपल्या पायांनीच बंद केली, न चालून! शीर्क्याच्या माणसांनी अठ्ठावीस वर्षे वाट मनात जपली आणि दार उघडताच पहिले पाऊल टाकले. आमच्यापुढे दार कधी लागलेच नव्हते.

परत आल्यावर मी शाळेतली वीस मुले आणि चार कोयते घेऊन एका रविवारी तिथे गेलो. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो. वाट देवळापर्यंत पोहोचली आहे.

दिवाळीत आमची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. मोहरी पेरून रान उगवतात, बुरूज करतात, मावळे मांडतात. दरवर्षी मी कौतुकाने पाहतो आणि पुढे जातो. गेल्या वर्षी मात्र एकाला विचारले, "किल्ला झकास झाला रे, पण वर जायची वाट कुठं आहे?" त्याने जीभ चावली, आणि बोटाने उतारावर एक नागमोडी रेघ ओढली.