मुंबई ते लंडन: अंतर किती, वेळ किती आणि तिकिटावरची वेळ वाचायची कशी?

मुंबई ते लंडन (हीथ्रो) हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना साडेआठ ते नऊ.

अंतर कसं मोजतात?
पृथ्वी गोल आहे, म्हणून पट्टी नाही, दोरा लागतो. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की जो मार्ग मिळतो, तो सर्वात जवळचा. सपाट नकाशावर तोच मार्ग वाकडा दिसतो. स्वतः बघायचं असेल तर गूगल मॅप्समध्ये विमानतळावर बोट दाबून धरा आणि 'मेझर डिस्टन्स' निवडा.

८ तासांचे १० तास का होतात?
विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला तर ७,२०० ÷ ९०० = ८ तास. पण विमान अगदी सरळ रेषेत जात नाही. बंद हवाई हद्द, खराब हवामान यांना वळसा घालावा लागतो. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, म्हणजे धावपट्टीवरची रांगही त्यातच आली.

जाताना जास्त, येताना कमी का?
वर आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. समजा, वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ५० किमी आहे. जाताना वेग ८५० होतो, म्हणजे सुमारे साडेआठ तास. येताना ९५०, म्हणजे सुमारे ७ तास ३५ मिनिटं. जवळपास तासाभराचा फरक इथेच पडला!

तिकिटावरची वेळ
दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार असतात. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात (मार्चचा शेवटचा रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार) साडेचार तास.

उदाहरण (उन्हाळा):
- मुंबईहून निघणार: रात्री २:००
- लंडनला पोहोचणार: सकाळी ७:३०
- आपल्या घड्याळात: ७:३० + ४:३० = दुपारी १२:००
- प्रवास: १० तास (साडेपाच नाही!)

वसई-विरारकरांनो, तारीख नीट बघा
तिकिटावर '१५ तारीख, ०२:००' असेल तर घरातून १४ तारखेच्या संध्याकाळीच निघायचं आहे. १५ तारखेच्या रात्री बॅगा भरायला घेतल्या, तर विमान कधीच लंडनला पोहोचलेलं असेल. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे रात्री ११ पर्यंत टर्मिनल २ ला पोहोचा. वसई रोडहून लोकलने अंधेरी आणि पुढे रिक्षा करणार असाल, तर नऊच्या आत गाडीत बसा. बॅगा जास्त असतील आणि हायवेने जाणार असाल, तर ट्रॅफिकसाठी आणखी तासभर हातात ठेवा.

मोबाइलमध्ये अलार्म लावताना तारीख १४ टाकलीय ना, एकदा तपासून घ्या.