कांगडी कर्करोग

काश्मीर खोऱ्यात कांगडीच्या दीर्घकालीन उष्णतेमुळे मांड्यांच्या व पोटाच्या त्वचेवर उद्‌भवणारा कर्करोग. लवचिक काटक्यांच्या विणीत बसविलेल्या मातीच्या भांड्यात निखारे ठेवून कांगडी तयार करतात. हिवाळ्यात फिरन या सैल अंगरख्याच्या आत ती अंगाशी धरण्याची प्रथा खेड्यांतून विशेष रूढ आहे.

काश्मीरमध्ये १८६५ साली वैद्यकीय कार्य सुरू करणाऱ्या विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये या रोगाकडे प्रथम लक्ष वेधले. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील अर्नेस्ट नीव्ह यांनी असंख्य रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या व १९२३ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. इतरत्र त्वचेचा कर्करोग बहुधा उन्हाने उघड्या राहणाऱ्या भागांवर होतो. येथे तो वस्त्राखाली, कांगडी टेकते तेथेच होतो. या स्थानावरूनच कारणाचा उलगडा झाला. चालीरीती व कर्करोग यांच्या संबंधाचे हे एक अभिजात उदाहरण होय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये वर्णिलेला धोतर-कर्करोग याच वर्गात मोडतो. त्यात कमरेवर घट्ट कसलेल्या वस्त्राचा सततचा दाब व घर्षण कारणीभूत असतात.

प्रथम त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. अनेक वर्षांनी त्वचा कोरडी, जाड व खरखरीत होते आणि अखेर तेथे न भरणारा व्रण किंवा गाठ दिसू लागते. वेळीच छेदन केल्यास रोग बरा होऊ शकतो. तो जांघेतील लसीका ग्रंथींत पसरल्यास मात्र उपचार अवघड होतात.

म्हणजेच हा रोग डोळ्यांना दिसतो आणि पूर्वसूचनाही देतो. तरीही रुग्ण उशिरा येतात. डाग नित्याचे म्हणून दुर्लक्षिले जातात, व्रण भाजल्याचा समजला जातो आणि जागा झाकलेली असल्याने, विशेषतः स्त्रिया, ती दाखविण्यास संकोचतात. भारतात २०१६ मध्ये आखलेल्या सामूहिक तपासणीच्या कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश झाला, त्वचेच्या कर्करोगाचा नव्हे. त्यामुळे गावातील आरोग्यसेविका व घरातील माणसे यांना ही लक्षणे ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते. कांगडी हा गरिबांचा हिवाळ्यातील आधार आहे. तिचा निषेध करण्यापेक्षा ती अंगापासून दूर ठेवणे, तिची जागा बदलत राहणे व न भरणारा व्रण त्वरित दाखविणे, हाच उपदेश व्यवहार्य होय.