ऑपरेशननंतर डोक्याच्या मागे टक्कल? प्रत्येक वेळी चाई नसते

आदिलाबाद : मोठ्या ऑपरेशनसाठी जिल्ह्यातले रुग्ण रिम्सला, नाहीतर नागपूर, नांदेड, हैदराबादला जातात. घरी परतल्यावर काही दिवसांनी उशीवर केसांचा पुंजका दिसतो आणि डोक्याच्या मागे रुपयाएवढं किंवा त्याहून मोठं टक्कल पडतं. घरचे म्हणतात, चाई पडली. पण हे दाबामुळे पडलेलं टक्कलही असू शकतं.

कारण काय?
रुग्ण बेशुद्धीत किंवा आयसीयूत तासन्तास एकाच कुशीवर किंवा पाठीवर पडून राहिला की डोक्याचा एकच भाग दबतो. तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि केसांची मुळं वाढ थांबवतात. लांबलेलं ऑपरेशन, कमी झालेला रक्तदाब आणि रक्तस्राव यांनी धोका वाढतो. अमेरिकेत एबेल आणि लुईस या डॉक्टरांनी स्त्रियांच्या ऑपरेशननंतरचे असे रुग्ण 1960 साली नोंदवले होते.

ओळखायचं कसं?
दाबलेल्या जागी आधी दुखणं, सूज, लाली किंवा खपली येऊ शकते. कधी काहीच जाणवत नाही. केस साधारण 3 ते 28 दिवसांत गळतात, म्हणजे बहुतेकदा सुट्टी झाल्यावर. गावच्या डॉक्टरला ऑपरेशनची माहिती नसते, म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. चाईत टक्कल कुठेही पडतं, गजकर्णात खाज आणि कोंडा असतो. शंका राहिली तर त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या यंत्राने तपासतात. क्वचित कातडीचा तुकडा तपासणीला पाठवतात.

केस परत येतात का?
बहुतेकांना येतात, साधारण तीन-चार महिन्यांत. मात्र जखम खोल जाऊन व्रण राहिला तर तिथलं टक्कल कायमचं राहू शकतं. म्हणून कांदा, रॉकेल किंवा जळजळणारा लेप लावू नका. पाणी, पू किंवा काळी खपली दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

टाळायचं कसं?
• ऑपरेशन लांबणार असेल तर डोक्याखाली जेलची उशी ठेवणार का आणि डोक्याची जागा अधूनमधून बदलणार का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारा.
• पक्षाघाताच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस आणि डोक्याची बाजू साधारण दर दोन तासांनी बदला. मान, मणका किंवा मेंदूचा मार असेल तर नर्सला विचारल्याशिवाय डोकं हलवू नका.
• डोक्याखाली कापडाची चुंबळ ठेवू नका. तिच्या कडेवरच दाब येतो.
• रोज केस बाजूला करून मागची कातडी बघा.