भिंतीवरची पांढरी भुकटी



आपल्या धानपट्टीत पाणी आणि ताप ही जुळी भावंडे आहेत. तलाव, बोड्या, बांध्यांत साचलेले पाणी आणि सालेकसा-देवरीचे जंगल ह्यांच्या आश्रयाने हिवतापाचा डास पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेला. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी माणसे ह्या तापाने पडत व आठ लाख मरत, असा अंदाज होता. ऐन रोवणीत घरचा हात अंथरुणाला खिळला की मजुरी बुडे आणि कर्ज चढे.

अशा वेळी डी.डी.टी. आली. हा पदार्थ १८७४ सालीच तयार झाला होता. पण तो कीटक मारतो हे स्वित्झर्लंडच्या पाउल म्यूलर यांना १९३९ साली उमगले, आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार व धारवाडकडच्या खेड्यांत घरोघर फवारणी करून हिवताप हटवून दाखविला. १९५३ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. गोंदिया तेव्हा जुन्या मध्यप्रदेशातील भंडारा जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. १९६५ पर्यंत देशातील रुग्ण लाखाच्या घरात उतरले. पुढे डास त्या औषधाला दाद देईनासे झाले, फवारणीत ढिलाई आली, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली.

हा झाला अर्धा इतिहास. उरलेला अर्धा स्त्रियांच्या शरीरात लिहिला गेला आहे. ज्या भिंती फवारल्या, त्यांच्याच आत बाई चूल पेटविते, लेकराला पाजते, विड्या वळते. डी.डी.टी. लवकर नाहीशी होत नाही. ती चरबीत साठते आणि आईच्या दुधात उतरते.

अमेरिकेत ओकलंड येथे १९५९ ते १९६७ ह्या काळात बाळंतिणींचे रक्त घेऊन जपून ठेवले होते. बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली त्याचा हिशेब मांडला. डी.डी.टी.चा वापर फैलावला तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आतल्या मुली होत्या, त्यांच्यापैकी रक्तात हे द्रव्य जास्त असलेल्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. त्या वेळी वयाने मोठ्या असलेल्यांत अशी वाढ दिसली नाही. अनेक जुन्या पाहण्यांत प्रौढ स्त्रियांचेच रक्त तपासले होते. त्यांत संबंध स्पष्ट झाला नव्हता. मुलीचे अंग घडत असते त्या वयातला संसर्ग अधिक घातक ठरत असावा, असा ह्याचा अर्थ. २०१५ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने डी.डी.टी.ला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले. ‘निश्चित’ म्हटले नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे शेतीतील तिचा वापर १९८९ साली बंद झाला.

मग फवारणी केली हे चुकले काय? आम्ही तसे म्हणणार नाही. ताप त्याच पावसाळ्यात पोर नेत होता. आमचा आक्षेप निराळा आहे. तापाची मोजदाद रक्ताचा थेंब घेऊन घरोघर झाली. भुकटीची मोजदाद कोणी केली? लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखविले होते की, धुराडी झाडणाऱ्या पोरांना काजळीमुळे होणारा कर्करोग ती वाढून मोठी झाल्यावर प्रकट होतो. बालपणीचे रसायन उतारवयात वसुलीला येते, हा धडा तेव्हापासून जगापुढे आहे. तरीही आमच्या विडी कामगार बहिणीच्या मजुरीची नोंदवही निघाली, तिच्या अंगावर काय काय उडाले ह्याची निघाली नाही.

म्हणून दोन मागण्या. फवारणारे हात कोणते औषध, किती दिवस हाताळतात ह्याची नोंद कामगाराच्या हाती द्या. आणि बाईची तपासणी तिच्या दारी न्या. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील निम्म्यांची तपासणी शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढील स्त्रियांत ह्या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. ह्याला मोठे यंत्र लागत नाही. हिवतापासाठी जो माणूस आपल्या प्रत्येक पाड्यावर पोहोचला, त्याच वाटेने ही आरोग्यसेविकाही पोहोचू शकते.