जालन्याचा इतिहास शोधण्याची दोन संकेतस्थळे

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत ‘जालना जिल्हा’ शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर ‘इम्पीरियल गॅझेटियर’चे खंड विनामूल्य वाचता येतात, तेथे निजामाच्या राज्यातील औरंगाबाद आणि परभणी हे जिल्हे उघडावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोशही तेथेच आहे.

दुसरे स्थळ ‘इंटरनेट आर्काइव्ह’. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे व रघुजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला. त्याचा छापील पत्रव्यवहार येथे सापडतो. विजय त्याचा झाला, तरी मराठ्यांच्या तोफांपुढे त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले.

परंतु ही जेत्याची लेखणी आहे, हे वाचताना विसरू नये. इंग्रजी पत्रे घरबसल्या उघडतात. आपल्या दफ्तरांतील असंख्य मोडी कागद मात्र अजून वाचकाच्या प्रतीक्षेत आहेत. म्हणून मित्रहो, ही संकेतस्थळे जरूर पाहा आणि सोबत मोडीही शिका. एरवी असईची कथा आपण एकाच बाजूने ऐकत राहू.