नोकरीआधीची पोलिस पडताळणी : फॉर्ममध्ये काय लिहावं?

सरकारी नोकरीत निवड झाली की मुलाकडून साक्षांकन नमुना भरून घेतात आणि पोलिस त्याची चारित्र्य पडताळणी करतात. काही खासगी कंपन्याही पोलिसांचं प्रमाणपत्र मागतात. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

‘केस सुटली ना, मग “नाही” लिही,’ असं घरातले मोठे सांगतात. घोळ इथेच होतो. ‘कधी अटक झाली होती का? खटला चालला होता का?’ असं विचारलं असेल, तर निर्दोष सुटलेल्यानेही ‘होय’ लिहून निकालाची प्रत जोडावी.

अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती खरी हवी, पण जे नेमकं विचारलं आहे तेवढंच सांगणं बंधनकारक आहे. तरुणपणी घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला असेल, तर नोकरी देणारा तो माफ करू शकतो. मात्र खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच, असं नाही.

अठरा वर्षांखालील मुलाच्या गुन्ह्यामुळे, बाल न्याय कायदा २०१५च्या कलम २४ नुसार, पुढे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढ मानून खटला चालला असेल, तर ही सवलत नाही.

सही करण्याआधी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचा. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स जपून ठेवा.